अर्ज करून पाडलेला किल्ला

किल्ला शत्रू पाडतो, नाही तर ऊनपाऊस पाडतो, असा आपला अनुभव. फार तर गावकरी घरासाठी चार चिरे उचलून नेतात. पण एखाद्या गावाने एकमुखाने अर्ज करावा, की आमच्या उशाशी असलेला हा किल्ला सरकारने कृपा करून जमीनदोस्त करावा, हे आपल्या कल्पनेत बसत नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या पॉन्टिफ्रॅक्ट या गावाने १६४९ साली नेमकं हेच केलं. किल्ला राजाचा होता, पावणेसहाशे वर्षांचा होता आणि उत्तर इंग्लंडची किल्ली म्हणून त्याची ख्याती होती. लंडनच्या पार्लमेंटने अर्ज लगोलग मंजूर केला. ठराव झाला २७ मार्चला आणि पहिली कुदळ पडली ५ एप्रिलला. कोणत्याही देशात सरकारी काम इतक्या तडफेने झाल्याची उदाहरणं थोडीच सापडतील.

मी सह्याद्रीतले गड पायाखाली घातलेला माणूस. ढासळलेली तटबंदी, दरवाज्याच्या कमानीतून उगवलेला पिंपळ, पाण्याच्या टाक्यातलं शेवाळ हे सगळं पाहून हळहळायची सवय अंगवळणी पडलेली. त्यामुळे किल्ल्याच्या पडझडीमागे त्याच्याच गावकऱ्यांचा अर्ज आहे, हे वाचल्यापासून पॉन्टिफ्रॅक्ट माझ्या डोक्यात घर करून होतं. लीड्समध्ये चार दिवस मुक्काम होता. त्यातला एक मी या गावासाठी राखून ठेवला.

नावापासूनच गंमत आहे. पॉन्टिफ्रॅक्ट हे मूळ लॅटिन, अर्थ ‘मोडका पूल’. जुन्या काळी उच्चार व्हायचा ‘पॉम्फ्रेट’, आणि शेक्सपिअरच्या नाटकांतही तेच नाव येतं. आपल्याकडच्या मासेखाऊ वाचकांनी हुरळून जाऊ नये, पापलेटाचा याच्याशी काही संबंध नाही. लीड्सहून साधी पॅसेंजर गाडी जाते. मंकहिल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरलं की किल्ला चालत काही मिनिटांवर. तिकीट नाही, गाइडांचा गराडा नाही. कातळाच्या एका उंचवट्यावर आपण चढतो आणि समोर दिसतं ते हिरवंगार, कापून नीटनेटकं ठेवलेलं गवत. त्या गवताच्या कडेकडेने बुरुजांचे बुंधे उभे आहेत. एखादी राई तोडल्यावर खोडं उरावीत तसे. शिरापासून छाटलेले, पण मुळाशी भक्कम.

एका अंगाला मुख्य बुरुजाचा पाया आहे. हा बुरुज साधा गोल किंवा चौकोनी नव्हता. अनेक अर्धगोल बुरुज एकमेकांना चिकटवावेत तशी त्याची घडण होती, लसणाच्या गड्ड्यासारखी, पाकळ्या-पाकळ्यांची. खालच्या पाकळ्या तेवढ्या शाबूत आहेत. वरचं किती आणि कसं होतं हे कळायला आपल्याला चित्राकडे वळावं लागतं. पहिल्या चार्ल्स राजाने १६४० च्या सुमारास अलेक्झांडर कैरिंक्स या फ्लेमिश चित्रकाराकडून आपल्या मुलखातली काही ठिकाणं रंगवून घेतली. त्यांत पॉन्टिफ्रॅक्ट आहे. आज ते चित्र गावच्याच म्युझियममध्ये आहे. त्यात झाडीवरून डोकावणारे उंचच उंच मनोरे दिसतात, एकाला एक खेटून. चित्रात सगळं शांत आहे. त्यानंतर दहा वर्षं पुरी व्हायच्या आत ना तो किल्ला राहिला, ना ते चित्र काढवून घेणारा राजा.

किल्ल्याची सुरुवात झाली १०७० च्या सुमारास. नॉर्मंडीहून आलेल्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि उत्तरेतला हा मुलूख इल्बर्ट द लेसी या आपल्या सरदाराला तोडून दिला. उत्तरेने विल्यमविरुद्ध बंड केलं होतं आणि त्याने ते शेतं-घरं जाळून चिरडलं होतं. तेव्हा हा किल्ला रयतेच्या रक्षणासाठी उभा राहिला असं कोणी समजू नये. तो रयतेवर नजर ठेवण्यासाठी होता. इंग्लंडमधल्या नॉर्मन किल्ल्यांचा जन्मच असा आहे, आणि पुढची सगळी हकिगत ऐकताना हे ध्यानात ठेवलेलं बरं. स्वराज्यासाठी बांधलेल्या गडांवर वाढलेल्या आपल्या मनाला ही गोष्ट चटकन उमगत नाही.

लेसी घराण्याकडून किल्ला १३११ मध्ये लग्नसंबंधाने लँकेस्टरच्या टॉमस या उमरावाकडे आला. टॉमस हा दुसऱ्या एडवर्ड राजाचा चुलतभाऊ आणि त्याचा कट्टर वैरी. पॉन्टिफ्रॅक्टला बसून त्याने राजाविरुद्ध कारस्थानं केली, अखेर फौजही उभारली. १३२२ च्या मार्चमध्ये बरोब्रिजच्या लढाईत तो पकडला गेला. त्याला आणलं कुठे, तर त्याच्याच किल्ल्यात. चौकशी झाली त्याच्याच दिवाणखान्यात, आणि त्याला तोंड उघडायची मुभा नव्हती. राजरक्ताचा म्हणून फाशीऐवजी शिरच्छेद, एवढीच काय ती सवलत. एका मरतुकड्या घोड्यावर बसवून त्याला गावाबाहेरच्या टेकडीवर नेलं, आणि वाटेत लोकांनी त्याला बर्फाचे गोळे मारले, असं त्या काळचा बखरकार लिहितो. पण लोकांचं मन मोठं अजब असतं. लवकरच त्या टेकडीवर चमत्कार होऊ लागले. आंधळ्यांना दिसू लागलं, पांगळे चालू लागले. झुंडीने येणाऱ्या यात्रेकरूंना अडवायला राजाला तिथे पहारे बसवावे लागले. हयातभर स्वतःची तुंबडी भरणारा हा माणूस मेल्यावर संत झाला, तो राजाने मारला या एवढ्याच पुण्याईवर.

पॉन्टिफ्रॅक्टचं नाव खऱ्या अर्थाने काळवंडलं ते दुसऱ्या रिचर्डमुळे. तोवर किल्ल्याची मालकी जॉन ऑफ गाँटकडे आली होती. हा रिचर्डचा काका. त्याचा मुलगा हेन्री बोलिंगब्रोक. रिचर्डने या चुलतभावाला हद्दपार केलं आणि काका वारल्यावर त्याची सगळी जहागीर जप्त केली. १३९९ मध्ये हेन्री आपला वारसा मागायला परत आला. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर उतरला, या किल्ल्यावर आला, माणसं जमवत दक्षिणेकडे सरकला, आणि दोन-तीन महिन्यांत वारशाबरोबर राज्यही घेऊन बसला. रिचर्डला पदच्युत करून कैदी म्हणून ठेवण्यासाठी त्याने आपल्या घरचाच किल्ला निवडला.

१४०० च्या जानेवारीत रिचर्डच्या चाहत्यांनी त्याला सोडवण्यासाठी बंड केलं आणि ते फसलं. फेब्रुवारीच्या मध्यावर रिचर्ड मेला होता. वय अवघं ३३. उपाशी ठेवून मारला, की त्यानेच अन्न सोडलं, यावर तेव्हाही दोन पक्ष होते. शेक्सपिअरने आपल्या नाटकात मारेकरी घातले आणि कुऱ्हाडीच्या झटापटीत राजाला मारलं. नाट्य म्हणून ते उत्तम. पण १८७१ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतली रिचर्डची कबर उघडली तेव्हा कवटीवर घावाची खूण आढळली नाही. नव्या राजाला धास्ती होती ती वेगळीच. लोकांचा रिचर्डच्या मृत्यूवर विश्वास बसेना, म्हणून त्याचा चेहरा उघडा ठेवून प्रेत गावोगाव दाखवत लंडनला नेलं. तरी पुढे कित्येक वर्षं तो स्कॉटलंडात जिवंत आहे अशी कुजबुज चालू होती. आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत असल्याच्या वार्ता उठल्या आणि तोतयाही उपजला, हे आठवल्यावाचून राहत नाही.

हेन्री राजा झाला आणि तेव्हापासून हा किल्ला राजघराण्याच्या खासगी मालमत्तेत गेला. या मालमत्तेला ‘डची ऑफ लँकेस्टर’ म्हणतात. ती आजही इंग्लंडच्या गादीवर बसणाऱ्याची असते. म्हणजे ही गवत उगवलेली जागा कागदोपत्री सध्या तिसऱ्या चार्ल्सच्या मालकीची आहे. व्यवस्था मात्र वेकफील्डची नगरपालिका बघते.

पुढच्या अडीचशे वर्षांची जंत्री मी देत बसत नाही. अजिंकूरच्या लढाईत पकडलेला फ्रेंच राजपुत्र आणि कवी चार्ल्स, ऑर्लेयाँचा ड्यूक, काही काळ इथे कैदेत होता. १४८३ मध्ये, तिसरा रिचर्ड गादी बळकावत असताना, त्याने अडसर ठरणाऱ्या तिघा सरदारांची मुंडकी इथे उडवली. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीच्या मठ-बुडवण्याविरुद्ध उत्तर पेटली, तेव्हा किल्लेदार लॉर्ड डार्सीने किल्ला बंडखोरांच्या हवाली केला आणि पुढच्या वर्षी स्वतःचं डोकं गमावलं. थोडक्यात, लंडनच्या राजकारणातली नको झालेली माणसं उत्तरेला पाठवायची ती इथे. या सगळ्यात गावाचा सहभाग प्रेक्षकाचा. बाजार भरत होता, सैनिक चार पैसे खर्च करत होते, वर काय चाललंय ते वरच्यांना ठाऊक.

गाव प्रेक्षकाचं भागीदार झालं ते यादवी युद्धात. राजा विरुद्ध पार्लमेंट असा झगडा १६४२ मध्ये सुरू झाला. पॉन्टिफ्रॅक्ट राजाच्या बाजूला होतं. १६४४ च्या नाताळात पार्लमेंटच्या फौजेने पहिला वेढा घातला. तोफांच्या माऱ्याने जानेवारीत एक अख्खा बुरुज कोसळला, तरी किल्ला हटला नाही. १ मार्च १६४५ ला राजाच्या कुमकेने वेढा उठवला. तीन आठवड्यांत वेढेकरी परत आले. दुसरा वेढा जुलैपर्यंत चालला आणि उपासमारीने शिबंदीने दार उघडलं. या दोन्ही वेढ्यांची रोजनिशी नेथन ड्रेक नावाच्या शिबंदीतल्या एका गृहस्थाने लिहून ठेवली आहे. आज इतके गोळे आले, इतके आम्ही टाकले, अमक्याचा पाय गेला, तमक्या बाईला बागेत गोळी लागली. कोरडा, हिशेबी मजकूर आहे. म्हणूनच तो वाचवत नाही.

किल्ल्याजवळ एक मोठं चर्च होतं, ऑल सेंट्स. वेढ्याच्या शास्त्रात अशी जागा दोघांनाही हवी असते. तिच्या मनोऱ्यावरून समोरच्यावर नेम धरता येतो. त्यामुळे ते चर्च कधी यांच्या हातात, कधी त्यांच्या हातात, आणि तोफा मात्र दोन्हीकडून त्याच्यावर. मी किल्ल्यावरून उतरून तिकडे गेलो. आजही त्याचा मोठा भाग बिनछपराचा, उघडा आहे. त्या भग्न भिंतींच्या आत १९६७ साली विटांचं एक छोटं प्रार्थनागृह बांधलं, तिथे उपासना चालते. मोठ्या माणसाच्या अंगरख्यात लहान मूल उभं करावं तसं ते दिसतं. किल्ल्यावर उभं राहून जी गोष्ट नीट कळत नाही ती इथे चटकन कळते. किल्ल्याच्या भिंती पंधरा-वीस फूट जाड असतात, घरांच्या नसतात.

दोन वेढे सोसून गाव सावरतंय तोच तिसरा आला, आणि त्याची सुरुवात एखाद्या बखरीत शोभेल अशी झाली. १६४८ च्या जूनमध्ये किल्ला पार्लमेंटच्या ताब्यात होता. कर्नल जॉन मॉरिस हा आधी राजाकडचा, मग पार्लमेंटकडचा, आता पुन्हा राजाकडचा गडी. त्याने किल्लेदाराशी दोस्ती जमवली. किल्लेदाराने आपल्या शिपायांसाठी आसपासच्या गावांतून बिछाने मागवले होते. मॉरिसची माणसं शेतकऱ्यांच्या वेषात डोक्यावर बिछाने घेऊन दरवाज्यातून आत गेली. आत गेल्यावर बिछाने खाली ठेवले आणि शस्त्रं बाहेर काढली. पहारेकऱ्यांना तळघरात कोंडलं. ते तळघर आजही पाहता येतं. कातळात खोल कोरलेलं, जिन्याने खाली उतरत जायचं. पुढे ते दारूगोळ्याचं कोठार झालं. तिथे कोंडलेल्या माणसांनी भिंतीवर खिळ्याने कोरलेली नावं आहेत आणि नावांखाली साल, १६४८. संपूर्ण किल्ल्यात मला सर्वांत जिवंत वाटली ती हीच जागा. वर राजांचे खून झाले तिथे गवत आहे, खाली साध्या शिपायांची नावं शाबूत आहेत.

याच तिसऱ्या वेढ्यात एक प्रकरण घडलं, ज्याची आठवण शेवटी पुन्हा काढायची आहे. वेढा कडक करण्यासाठी पार्लमेंटने कर्नल टॉमस रेन्सबरोला पाठवलं. हा माणूस साधा सैनिक नव्हता. आदल्या वर्षी, १६४७ च्या ऑक्टोबरात, लंडनजवळ पटनी इथे पार्लमेंटच्या सैन्यात मोठा वाद झाला होता. नव्या राज्यात मत कोणाला असावं? जमीनजुमला असलेल्यालाच, असं क्रॉमवेलच्या बाजूचं म्हणणं. रेन्सबरोने उभं राहून सांगितलं, की ज्या सरकारचे कायदे पाळायचे ते निवडण्यात गरिबातल्या गरिबालाही वाटा हवा. इंग्रजी भाषेत ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे बोललेला तो पहिल्या काही माणसांपैकी. त्यानंतर वर्षभराने, २९ ऑक्टोबर १६४८ ला, पॉन्टिफ्रॅक्टहून निघालेले वीस-बावीस स्वार वेढ्यातून निसटून डॉन्कास्टरला पोचले. क्रॉमवेलचं पत्र आणलंय, असं सांगून ते रेन्सबरोच्या खोलीत शिरले. त्याला पळवून न्यायचा बेत होता. त्याने हातापायी केली, तेव्हा भर रस्त्यात भोसकून मारलं.

नोव्हेंबरात खुद्द क्रॉमवेल आला. देशाच्या आतल्या भागातल्या सर्वांत बळकट ठाण्यांपैकी हे एक आहे, असं त्याने लिहून कळवलं आणि मोठ्या तोफा मागितल्या. मग लँबर्ट या सेनापतीवर काम सोपवून तो लंडनला गेला. तिथे ३० जानेवारी १६४९ ला राजाचं डोकं उडालं. ज्याच्यासाठी लढायचं तो राजाच उरला नाही, पण पॉन्टिफ्रॅक्टचा किल्ला लढतच राहिला. शिबंदीला द्यायला पैसा नव्हता, म्हणून चांदीची भांडी कापून नाणी पाडली होती. टाकसाळ कुठली असणार? पत्रा कात्रीने कापायचा आणि ठसा मारायचा. त्यामुळे काही नाणी अष्टकोनी, तर काही चक्क शंकरपाळ्याच्या आकाराची झाली. नाण्यांवर किल्ल्याचं चित्र आणि लॅटिन शब्द, ‘जोवर श्वास तोवर आस’. राजा मारला गेल्यावर त्यांनी ठसा बदलला. आता नाव दुसऱ्या चार्ल्सचं, आणि ब्रीद, ‘पित्याच्या मृत्यूनंतर पुत्रासाठी’. त्या नाण्यांवर साल मात्र १६४८ च आहे, कारण तेव्हा इंग्लंडचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. अखेर मार्च संपत आला तेव्हा किल्ला पडला. मॉरिस निसटला, पुढे पकडला गेला आणि ऑगस्टमध्ये यॉर्कला फासावर गेला.

किल्ला ताब्यात आल्याची बातमी लंडनला गेली, तिच्या पाठोपाठ गावचा अर्ज. यॉर्कच्या ज्यूरीनेही तीच मागणी केली, लँबर्टने शिफारस केली. चार वर्षांत तीन वेढे सोसलेल्या गावाचं म्हणणं समजायला फार पांडित्य लागत नाही. हा किल्ला आहे तोवर कोणी ना कोणी तो बळकावणार, दुसरा कोणी त्याला वेढा घालणार, आणि दोघेही आमच्या गोठ्यातली जनावरं आणि कोठारातलं धान्य खाणार. किल्लेदार राजाचा असो की पार्लमेंटचा, भाकरी आमचीच जाते. पार्लमेंटला हा अर्ज सोयीचा होता हे उघड आहे. किल्ले मोडण्याचं धोरण आधीच ठरलेलं होतं. डॉर्सेटमधला कॉर्फ १६४६ मध्ये सुरुंगाने उडवला, वॉरिकशरचा केनिलवर्थही याच सुमारास मोडला. या प्रकाराला इंग्रजीत ‘स्लायटिंग’ म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अपमान करणं. पण सोयीचा होता म्हणून अर्ज खोटा ठरत नाही.

पाडकाम हिशेबाने झालं. छपरावरचं शिसं, तुळया, लोखंड, काचा उतरवून विकल्या. पाडायला खर्च आला सुमारे ७७७ पौंड, आणि मालाच्या विक्रीतून आले त्याच्या दुपटीहून जास्त. चांगला चालता धंदा म्हणायचा. उरलेल्या दगडाला पाय फुटले ते गावाच्या दिशेने. मोडक्या घरांना नव्या भिंती लागणारच होत्या.

इथे मला आपले गड आठवतात, आणि ते आठवणं मी टाळणार नाही. या देशाने घरी गिरवलेला धडा एकशे सत्तर वर्षांनी आपल्या मुलखात वापरला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनीच्या कॅप्टन ब्रिग्जने नाशिककडच्या कित्येक गडांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंग लावून उडवल्या. अलंग-मदनला जाणाऱ्याला तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी आजही दोर लावावा लागतो. कृती तीच, दारूही तशीच. फरक एवढा की आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. पॉन्टिफ्रॅक्टच्या लोकांनी मागितलं म्हणून पाडलं, आपल्याकडे जेत्याने ठरवलं म्हणून पाडलं. म्हणूनच अलंगच्या कड्याला लटकताना जो संताप येतो तो इथल्या हिरवळीवर येत नाही. मात्र मनात एक अवघड प्रश्न येतो. आपल्या गडांच्या पायथ्याच्या वाड्या-वस्त्यांना, वेठीला जाणाऱ्या, गवत-लाकूडफाटा वर पोचवणाऱ्या माणसांना कोणी कधी विचारलं असतं, तर त्यांनी काय सांगितलं असतं? मला वाटतं, गडागणिक उत्तर वेगळं आलं असतं. काही गडांसाठी त्यांनी प्राण दिले, हे इतिहासाला माहीत आहे. काहींबद्दल कदाचित पॉन्टिफ्रॅक्टसारखाच अर्ज आला असता.

राजेशाही १६६० मध्ये परत आली, पण किल्ला पुन्हा बांधायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. गाव मात्र मोठं मिस्कील निघालं. ‘पित्याच्या मृत्यूनंतर पुत्रासाठी’ हे वेढ्यातल्या नाण्यांवरचं वाक्य पुढे त्यांनी आपल्या नगरपालिकेचं ब्रीद म्हणून घेतलं. ज्या शिबंदीला हुसकावण्यासाठी अर्ज केला, तिचीच घोषणा गावच्या चिन्हावर. स्वाभिमान आणि सोय यांचं असं गूळपीठ सगळ्याच गावांना जमतं.

पाडलेल्या किल्ल्याच्या आवारात पुढे पीक घेतलं गेलं ते ज्येष्ठमधाचं. आपल्या आजीबाईच्या बटव्यातलं, घसा बसला की चघळायचं ते ज्येष्ठमध. त्याची मुळं जमिनीत खोल जातात, काढणीला काही वर्षं थांबावं लागतं, आणि इथली खोल, भुसभुशीत माती त्याला मानवली. १७६० मध्ये जॉर्ज डनहिल नावाच्या औषधविक्याने ज्येष्ठमधाच्या अर्कात साखर घालून वड्या पाडल्या. काळ्या कुळकुळीत, नाण्याएवढ्या. त्यांना पॉन्टिफ्रॅक्ट केक म्हणतात, पण केकाशी त्यांचं नातं नाही. प्रत्येक वडीवर ठसा असतो, त्यात किल्ला आणि घुबड. मिठाईवर घुबड छापायला आपल्याकडे कोणी धजणार नाही, तिथे ते खपतं. चव काढ्याच्या आणि गुळाच्या मधली. दुसरी वडी घ्यावी की नाही, यावर पहिली संपेपर्यंत विचार करावा लागतो. विसाव्या शतकात इथली ज्येष्ठमधाची शेती मोडत गेली, पण वड्यांचा कारखाना गावात आजही चालू आहे. त्याचे मालक आता जर्मन.

या ठशाचं एक काम राहिलं. १८७२ पर्यंत इंग्लंडात मतदान उघड्यावर व्हायचं. मंचावर चढायचं आणि जमीनदाराच्या, मालकाच्या, सावकाराच्या देखत नाव पुकारायचं. त्या वर्षी गुप्त मतदानाचा कायदा झाला आणि त्याखालची पार्लमेंटची पहिली निवडणूक आली ती योगायोगाने पॉन्टिफ्रॅक्टच्या वाट्याला, १५ ऑगस्ट १८७२ रोजी. तिथले खासदार ह्यू चिल्डर्स यांची मंत्रिपदी नेमणूक झाली होती, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे मंत्री होणाऱ्याला पुन्हा निवडून यावं लागे. मंत्रिपद कोणतं? डची ऑफ लँकेस्टरचं चॅन्सेलरपद, म्हणजे या पडक्या किल्ल्याच्या मालमत्तेचंच. चिल्डर्सना ६५८ मतं पडली, विरोधकाला ५७८. मतदार फक्त पुरुष होते, तेही सगळे नव्हेत. रेन्सबरोने मागितलं होतं त्यापासून हे अजून पुष्कळ दूर होतं. पण डॉन्कास्टरच्या रस्त्यात त्याला भोसकून मारलं त्याला तेव्हा २२४ वर्षं झाली होती, आणि मारेकरी निघाले होते ते याच गावच्या कातळावरून.

ती मतपेटी गावच्या म्युझियममध्ये ठेवली आहे. साधी लाकडी पेटी. मतदान झाल्यावर ती लाखेने बंद करायची होती आणि त्यासाठी ज्येष्ठमधाच्या कारखान्यातला वड्यांवर मारायचा ठसा आणला. लाखेत तो किल्ला उमटला आहे, शेजारी घुबड.